करपलेलं वाटप

एंडोस्कोपी पोटाची होती आणि कामातून गेलं माझं नाक. गुंगीचं औषध दिलेलं, त्यामुळे नळी घशातून कधी आत गेली, कधी बाहेर आली, मला पत्ता नाही. शुद्धीवर आले तेव्हा लेक शेजारी बसली होती आणि नाकात आतून मिरची चोळल्यासारखी आग होत होती. सिस्टर म्हणाली, झोपेत ऑक्सिजन लावला होता, तो कोरडा असतो, होईल एक-दोन दिवसांत बरं. अहो, तुमचं नाक असं जळायचं होय, असं अगदी ओठांवर आलं माझ्या. पण ज्यांना विचारायचं, त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

फुप्फुसं निकामी झाल्यावर आमचे हे कित्येक महिने मुलुंडच्या घरात, हॉलमधल्या कॉटवर होते. भिंतीशी ऑक्सिजनचं मशीन आणि नाकात सतत नळी. "नाक जळतंय गं," म्हणायचे. मी डॉक्टरांनी दिलेले थेंब घालायची आणि कामाला लागायची.

एरवी या माणसाचं नाक म्हणजे एक प्रकरण होतं. बाजारात माशाचे कल्ले उघडून असा वास घ्यायचे की कोळीण वैतागून टोपलीवर फडकं टाकायची. वाटपाचं, म्हणजे वाटणाचं, खोबरं जरा जास्त भाजलं गेलं, तर यांना लिफ्टमधून बाहेर पडतानाच कळायचं. माझ्या स्वयंपाकाला उभ्या संसारात मिळालेलं सर्वांत मोठं बक्षीस म्हणजे "बरं झालंय". त्यावरून मी किती वेळा फणकारले असेन, देव जाणे.

आजारपणात मात्र माणूस पार बदलला. माशाची कढी असो, नाहीतर नुसती पेज, पहिल्या घासालाच म्हणायचे, "आज झकास झालंय हां." मी हरखून गेले. जेवण गोड लागतंय म्हणजे माणूस उठणार, असं बहिणीला फोन करकरून सांगत सुटले. मिक्सर बाजूला ठेवला, माळ्यावरचा पाटा काढला आणि रोज त्यावर वाटायला लागले. हात दुखायचे, पण मी फार खुशीत होते.

यांचं वर्षश्राद्ध नेमकं एंडोस्कोपीच्या दुसऱ्या दिवशी आलं. लेक म्हणाली, बाहेरून मागवू या ना. मी ऐकलं नाही. या दिवशी तरी यांना माझ्याच हातचं मिळायला हवं होतं. काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, खीर, सगळं घरी केलं. गेलेल्या माणसासाठी जे पान बाहेर ठेवतात, त्याला आमच्या कोकणात वाडी म्हणतात. वाडी दाखवेपर्यंत स्वयंपाक चाखायचा नसतो, नुसत्या वासावरून ओळखायचा असतो. माझं नाक सुजून बंद झालेलं. खोबरं भाजलं ते रंगाच्या अंदाजाने, आणि सकाळच्या उजेडात तो रंग मला बरोबर वाटला.

गच्चीवर वाडी ठेवून आलो आणि दोघी जेवायला बसलो. लेकीने पहिला घास घेतला आणि थांबली.

"आई, वाटप करपलंय गं."

मी सांबार तोंडात घातलं. मीठ कळलं, तिखट कळलं, गरम आहे तेही कळलं. बाकी काहीच नाही. खोबरं नाही, गरम मसाला नाही, करपट वाससुद्धा नाही. भिजलेला पुठ्ठा चावत असल्यासारखं वाटत होतं.

"मला कसलीच चव लागत नाही," मी म्हटलं.

"ऑक्सिजनने नाक सुकलंय तुझं, वास नाही तर चव कुठून लागणार? बाबांना तर रोज..."

मी त्या भिंतीकडे बघत राहिले. मशीन आम्ही केव्हाच परत केलं होतं. त्या कॉटवर बसून यांनी रोज हाच पुठ्ठा खाल्ला होता. मी ताट घेऊन समोर उभी राहायची, आणि हे माझ्या तोंडाकडे बघून घास गिळायचे. लिफ्टपाशी करपट वास ओळखणारा माझा माणूस. मला वाटायचं, बरे होतायत. मी तिथेच, उष्ट्या हाताने, रडायला लागले.

लेक माझं ताट उचलायला लागली. मी उचलू दिलं नाही. होतं तेवढं सगळं खाल्लं. मग भिंतीकडे बघून म्हणायला गेले, झकास झालंय हां. त्यांना ते रोज जमलं होतं. मला एकदाही म्हणता येईना.