डोंगरावरचं खोटं खोपट

ताडपत्रीला ऊन लागून डांबराचा वास सुटला, की मला ऐंशीच्या दशकातली घाटकोपरच्या डोंगरावरची एक दुपार आठवते. कॉलेजच्या नाटकांत मी जीव तोडून रडायचे, म्हणून एका कलावंत फोटोग्राफरने मला गाठलं. डोंगरावरच्या झोपड्यांना लागून त्याने बांबू, गोणपाट आणि ताडपत्रीचं खोटं खोपट उभारलं आणि मला आत बसवलं. मी व्हायचं होतं जगाने टाकलेली बाई, आणि फोटो लागणार होता मोठ्या प्रदर्शनात! मी झकास उसासा टाकला, तोच शेजारच्या झोपडीतली मावशी पातेलं घेऊन आत शिरली. "नवं बिऱ्हाड आणि दूध उतू घातलं नाय? तुझं कोणी नाय काय गं?" "अहो, हे घर खोटं आहे!" फोटोग्राफर ओरडला. "ताडपत्री तर आमच्यासारखीच हाय रे!" म्हणत तिने स्टोव्ह पेटवला. मागोमाग आणखी बायका आल्या आणि माझ्या कपाळावर हे भलंमोठं कुंकू लागलं. तो वैतागून म्हणाला, "आधी ते कुंकू पूस." झालं, वाट लागली! भर बायकांत असं बोलतात? "तुझ्या आईला सांगशील काय रे असं?" मावशी कडाडली. तो मात्र मलाच म्हणाला, "पुसत नसशील, तर दुसरी मुलगी आणतो." प्रदर्शनाचा मोह दांडगा होता, पण मी पदर खोचला, सगळ्या बायकांना आत दाटीवाटीने बसवलं आणि म्हटलं, "आण ना यार, तिला बसायला जागा उरली तर!" त्याने कॅमेरा गुंडाळला. एकाकी बाईची भूमिका मला जन्मात तेवढी एकदाच मिळाली, आणि ती मी साफ पाडली, हे आजही मी चारचौघांत मिरवते.