हसू मोडायचा तास

नेपाळातल्या बुटवलच्या ट्राफिक चौकात, सायकलींच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर घर्तीसर जपानी शिकवायचे आणि मारायचे. दोन्ही कामं अगदी मन लावून. सकाळचे दोन तास भाषेचे. मग रीतीभातींचा तास: किती वाकायचं, बूट कुठल्या तोंडानं काढून ठेवायचे, भाताच्या वाडग्यात जेवायच्या काड्या उभ्या का खोचायच्या नाहीत. शेवटची वीस मिनिटं हसू मोडायची. पोरांनीच ठेवलेलं नाव ते.

आमच्याकडे चूक झाली आणि मोठं माणूस अंगावर आलं, की खाली बघून जरासं हसतात. कुणी शिकवत नाही, आपोआप येतं. त्या ओशाळ्या हसण्याचा अर्थ एवढाच, की चुकलो बाबा, आता राग गिळ. डोंगरातली म्हातारी माणसं ते बघून खरोखर निवतात. घर्तीसर पंचविसाव्या वर्षी जपानला शिकायला गेले ते हे हसू बरोबर घेऊनच. दिवसा शाळा, संध्याकाळी डबे भरायच्या कारखान्यात काम. एकदा हातून मासे सांडले. मुकादम ओरडला, सर हसले. हा पोरगा आपली टर उडवतोय, असं वाटून मुकादमानं लोखंडी ट्रे थेट तोंडावर हाणला. समोरचे दोन दात फरशीवर पडले. सरांनी हाताला लागला तो मोठा डाव उचलला आणि मुकादमाचं कपाळ फोडलं. महिन्याभरात त्यांची परत पाठवणी झाली आणि शिक्षण अर्धंच राहिलं.

तेव्हापासून सरांनी एकच ध्यास घेतला, की आपल्या हाताखालचं एकही पोर तिथं जाऊन नको तेव्हा हसणार नाही. हेतू चांगला होता, म्हणूनच हाताला आवर नव्हता. एकेकाला पुढं बोलवायचे, जपानीत वाट्टेल तसं बोलायचे, आणि ओठ हलला की बांबूची पट्टी. तळहात, पोटऱ्या, खांदे. पोरं मुलाखतीत पास होत होती, त्यामुळं आईबापही गप्प बसत.

रूपकला पुन गुल्मीच्या डोंगरातून आलेली, एकोणीस वर्षांची. भाषेत तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. पण हसू काही जाईना. मार बसला की तिला वाटे, आपली चूक फारच मोठी असणार, आणि मग ती आणखी हसे. सोळा वर्षांत सरांना असं पोर भेटलं नव्हतं.

शुक्रवारी जपानहून कुराहाशी बाई मुलाखती घ्यायला येणार होत्या. त्यांच्या शाळेत फीमाफीची एकच जागा होती, आणि रूपकलाला जायचं तर तीच. ती हुकली तर दसैंच्या सणानंतर लग्न, असा घरून निरोप आलेला होता.

गुरुवारी सरांनी तिला भिंतीशी उभं केलं. चाळीस पट्ट्या तळहातांवर. ती हसली. मग पोटऱ्यांवर. ती लंगडत हसली. सरांचं डोकंच फिरलं. त्यांनी तिचे केस धरले आणि तोंड फळ्यावर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ओठ फाटला आणि फळ्यावर रक्ताचा ओघळ आला. वर्गातल्या एकालाही पुढं व्हायची हिंमत झाली नाही, याची लाज पोरांना पुढं जन्मभर पुरली. सरांनी तिला वळवलं आणि पुन्हा शिवी घातली. तिचा चेहरा कोरा होता.

"आता जमलं," सर धापा टाकत म्हणाले. "उद्या हेच तोंड घेऊन ये."

ती तेच तोंड घेऊन आली. बाईंच्या प्रत्येक प्रश्नाला तिनं चोख उत्तर दिलं. बाईंनी मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांची नजर सुजलेल्या हातांवर गेली, तिथून ओठावर. हे कुणी केलं, म्हणून त्यांनी विचारलं. रूपकलानं हात पाठीमागे घेतले. बाई सरांकडे वळल्या. तुम्ही?

सरांनी खाली पाहिलं. आणि ते हसले.

बाई चिडल्या नाहीत. सगळ्यांना कळेल अशा संथ जपानीत म्हणाल्या, "हे हसू मला ओळखीचं आहे. अकरा वर्षं नेपाळी मुलं आहेत माझ्याकडे. चूक कबूल असली की तुम्ही असे हसता. आमच्या नव्या शिक्षकांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते."

सरांनी मान वर केली. म्हणजे तिकडे कुणीतरी हे शिकून घेतलं होतं. सोळा वर्षांची पट्टी फुकट गेली होती. हे पुरतं डोक्यात शिरायच्या आत बाईंसाठी आणलेला चहाचा थर्मास त्यांच्या तोंडावर बसला.

रूपकलानं तो दोन्ही हातांनी धरला होता. दुसऱ्या घावाला खोटे दात उडाले, तिसऱ्याला भुवई फाटली. सर खाली पडले तरी ती थांबेना. शेवटी चार पोरांनी तिला मागं ओढलं.

बाईंनी कागद पिशवीत टाकले. मुलगी हुशार आहे, पण हात उचलणाऱ्या मुलीला आपण नेऊ शकत नाही, असं म्हणून त्या उठल्या. सर गुडघ्यांवर सरकत त्यांच्या आडवे आले, कपाळ फरशीला टेकवलं. तिचा काही दोष नाही, तिला मीच असं केलं, असं रक्ताच्या तोंडानं पुन्हापुन्हा सांगत राहिले. ते मला दिसतंय, बाई म्हणाल्या, आणि त्यांना वळसा घालून जिना उतरल्या.

वर्ग रिकामा झाला. रूपकला बाकावर बसून होती. सर भिंतीला टेकून कसेबसे बसले.

"जागा तुझीच होती गं, पोरी," ते म्हणाले. "का मारलंस?"

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिच्या तोंडावरची रेघ हलली नाही.

"तुम्ही हसलात, सर."