नऊ नंबरच्या खोलीचे शून्य पेशंट

अगं, तुला पत्र लिहायचं म्हणजे पंचाईतच. चार ओळी वाचल्यास की "वन्सं, तसं नव्हतं ते" म्हणून मधेच तोंड घालशील. म्हणून तुझी गोष्ट परक्या माणसाची सांगावी तशी सांगते. तू गुपचूप वाच.

माझी ही भावजय सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होती. वस्ती चार मुलखांतून पोटामागे आलेल्यांची. प्रत्येकाचं नाव, वय, तक्रार विचारायची, रजिस्टरात उतरवायची, खोलीचा नंबर सांगायचा. नसत्या चौकशांची खोड जन्माची. नऊ नंबरच्या खोलीत मनाच्या आजारांची डॉक्टरीण आठवड्यातून तीन दिवस बसू लागली, तेव्हा तिला एक कोडं पडलं. लोक त्या दारापर्यंत जातात, पाटी वाचतात आणि वळून डोळे तपासायच्या रांगेत का उभे राहतात?

तिनं एका शिवणकामवालीला सरळ विचारलं. त्या दारात दिरानं पाहिलं तर घरात बोंब होईल, असं ती म्हणाली. डोळ्यांच्या रांगेला कोण काय म्हणणार?

झालं. त्या दिवसापासून भावजय रजिस्टरात 'डोकेदुखी' लिहायची, नंबर डोळ्यांचा टाकायची आणि माणसाला ड्रेसिंगच्या खोलीमागच्या बोळातून नऊ नंबरात पोचवायची. बोळात बाक टाकावा लागला, इतकी गर्दी. स्वतःच्या हुशारीवर बाईसाहेब बेहद्द खूश.

वर्षभरानं वरून कागद आला. रजिस्टरप्रमाणे नऊ नंबरला पेशंट शून्य, सबब महिनाअखेर डॉक्टर हलवण्यात येतील. रजिस्टरातलं अक्षर न् अक्षर तिचंच. दोन दिवस ती धड जेवली नाही.

मग बाकावरच्या एकेकाला तिनं विचारलं, खरं लिहू का? कोणी चपला शोधू लागलं, कोणाला बस आठवली. रागवायचीही सोय नव्हती. लपायची वाट तिनंच काढून दिली होती. शेवटी तिनं कोऱ्या पानावर पहिलं नाव स्वतःचं घातलं. तक्रार: नवरा गेल्यापासून झोप नाही. खोली नऊ. आणि रजिस्टर काखेत मारून बोळात गेली, ते पान सगळ्यांपुढे धरलं.

बाकावरच्या एका नळदुरुस्तीवाल्यानं ते दोनदा वाचलं. "लिहा माझंही," तो म्हणाला. "बायकोला कळलंय, म्हणजे गावाला कळायचं राहिलंय कुठं?"

अख्खा बाक हसला. महिनाअखेर सतरा नावं झाली. शिवणकामवालीचं त्यात नव्हतं. ती अजून डोकेदुखीवरच आहे. डॉक्टरीण राहिली, पण तीन दिवसांऐवजी एकच, गुरुवार.

"डॉक्टरणीचे ते दोन दिवस मीच घालवले," भावजय मला म्हणाली. मी समजूत घातली नाही. खरंच होतं ते.

नवरा तिचा, तसा भाऊ माझा. मला न विचारताच तिनं माझाही केसपेपर काढला. नाव लिहिलं, वय लिहिलं, तक्रारीची जागा मोकळी सोडली.

"ती तुम्ही भरा, वन्सं, आणि गुरुवारी घेऊन या. खिडकीवर मी आहे तोवर."

मी म्हटलं, बघू.

गेल्या महिन्यात ती रिटायर झाली. केसपेपर चार घड्या होऊन माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. त्यावर वय दोन वर्षांनी जास्त पडलं होतं. तेवढं मात्र मी खोडून दुरुस्त केलं.