तोंडावर पिवळं असलं तर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, नव्वदच्या दशकात निमोण्यात, दोडक्याच्या मांडवाखाली, दौंडच्या एका जीवशास्त्र शिक्षकाची अब्रू आणि मान एकाच वेळी धोक्यात आली होती. तो शिक्षक मीच.

मांडव सासऱ्यांचा. बांबूंना भुंग्यांनी भोकं पाडलेली. सासूबाई म्हणाल्या, "रॉकेल वता भोकात. माझी नात खाली खेळती, चावला म्हंजी?"

"भुंगे मेले तर दोडका धरणार नाही," मी छाती काढून म्हणालो. "आधी फोटो काढून जात ओळखू."

तीन फोटो काढले. उरलेला रोल मेव्हणीच्या लग्नात संपला, तेव्हा कुठं धुवायला गेला. हळदीच्या फोटोंतून भुंगा वेगळा करून पुण्याच्या एका प्राध्यापकांना पाठवला. उत्तर आलं: तोंडावर पिवळा डाग, म्हणजे नर. नराला नांगी नसते. जात सांगायला तोंडाचा आणखी जवळून फोटो हवा.

पत्र मी ओसरीवर खड्या आवाजात वाचलं आणि निकाल दिला, "हे भुंगे चावत नाहीत!" फोटोत एकच भुंगा होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रॉकेलचा डबा मात्र सासूबाईंनी हातातून सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा भोकापासून वीतभर अंतरावर धरला. बांबू आतून घुमत होता. अंगठ्याएवढा भुंगा बाहेर आला, भिंगासमोर तरंगला आणि दिसेनासा झाला. आवाज मात्र तिथंच होता, माझ्या कानामागं. मग मानेवर पाय जाणवले. सहा. मी मोजले.

आणि तेव्हा, पंधरा वर्षं वर्गात शिकवलेलं आठवलं: बांबू कोरते ती मादी. मादीला नांगी असते.

ओठ न हलवता मी मागं उभ्या सासऱ्यांना म्हणालो, "मामा, मानेवर बघा. तोंडावर पिवळं आहे का?"

मामांनी चष्मा काढून धोतराला पुसला. परत पुसला. नात कडेवर घेऊन सासूबाई मागं सरकल्या. घाम पाठीवरून खाली चालला होता, भुंगा मानेवरून वर. मामा वाकले, त्यांचा श्वास कानाला लागला, आणि दोन ढांगांत मांडवाबाहेर जाऊन ते ओरडले,

"पाव्हणं, समदं काळंच हाय ओ!"