भिंत कोणाच्या अंगणातून?

मी पदवीधर झालो, नोकरीला लागलो, यात सगळ्यांत मोठा वाटा सईदा आपांचा. त्या उर्दू शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. महिन्यापूर्वी सकाळी आईचा फोन आला, "गजा, आपा गेल्या रे..."

मलकापुरात बाबा फळांची हातगाडी लावत. घरमालकानं भाडं वाढवलं की आम्ही खोली बदलायचो. माझी पुस्तकं पोत्यातच असत. मग सरकारी वसाहतीच्या सोडतीत आमचं नाव निघालं. एकाच ओळीत आधी मोठी घरं, मग लहान. मोठ्यांतलं शेवटचं आपांचं, त्याला लागून लहानांतलं पहिलं आमचं.

दोन वर्षांनी मोठ्या घरवाल्यांनी ठरवलं, मध्ये भिंत घालायची. लहान घरांनी मागून, नाल्याकडून जावं. तिथून हातगाडी निघत नव्हती. बाबा बाजाराजवळ पुन्हा भाड्याची खोली शोधू लागले. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. भाडं भरायचं तर मला शिक्षण सोडून कामाला लागावं लागणार होतं.

वसाहतीच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, "आपा, भिंत तुमच्या अंगणातून नेतो. तुम्ही तर आमच्यातल्याच."

"न्या ना बापा," आपा म्हणाल्या, "पण माह्यं घर लहान घरायकडं टाका. मले रोज चहाले तिकडंच जा लागते. आता भिंत कोणाच्या अंगणातून काढता? भाऊ, तुमच्या?"

त्यांच्या शेजारचे भाऊ दचकलेच. "माह्या काऊन? तिथं माही गाडी उभी राह्यते!"

"मंग त्यायच्या पुढच्याच्या?"

पुढच्यानं घाईघाईनं हात हलवून नकार दिला. स्वतःची फूटभर जागाही कोणी सोडेना... भिंत राहूनच गेली, आणि बाबांचं खोली शोधणंही.

त्या ईदला मात्र मोठ्या घरांतून आपांकडे कोणीच फिरकलं नाही. शिरखुर्म्याचं पातेलं घेऊन त्या आमच्याकडे आल्या. वाटी भरून माझ्यापुढे सरकवली, म्हणाल्या, "खाय ना बे, थंडा होऊन राह्यला."

नोकरी लागल्यावर मी त्यांना पुण्याहून पत्र पाठवलं होतं. ते त्यांच्या चष्म्याच्या डबीत सापडलं. त्यांच्या भाच्यानं परवा माझ्या हातात दिलं.

"आदरणीय आपा, सलाम.
नोकरीच्या अर्जात 'कायमचा पत्ता' असा रकाना होता. पूर्वी तो आला की मी बाबांना विचारायचो, 'सध्या कुठला लिहू?' या वेळी कोणालाच विचारलं नाही. घर क्रमांक, वसाहत, मलकापूर... पेन एकदाही थांबलं नाही.
तुमचा,
गजानन"