वाट सोडून उभे राहणारे आजोबा

सफाईने स्कीइंग करणारे हे आजोबा माझ्यासारख्या नवशिक्याला वाट का देतात, हा माझा प्रश्न होता. गावाबाहेरच्या लॉइपवर, म्हणजे बर्फात आखलेल्या स्कीच्या वाटेवर, मागचा वेगवान असेल तरच पुढच्याने बाजूला व्हायचे असते. मी मागे धापा टाकत असे, तरी ते थांबत.

"व्हा पुढे! माझ्यामागे राहून म्हातारे व्हाल."

मी आभार मानी. ते हवेविषयी दोन वाक्ये बोलत. वळणाआधीच मला सहज मागे टाकून ते पुन्हा बाजूला उभे असत.

परवा मीच आधी बाजूला झालो. ते शेजारी थांबून म्हणाले,

"तर मग, आता पुढे कोण जाणार?"

कुणीच गेले नाही. आठवडाभर मीही कुणाशी बोललो नव्हतो.

त्यांना वाट द्यायची नसते, कुणाशी तरी दोन वाक्ये बोलायची असतात, हे माझे उत्तर चुकीचे असू शकेल. ते भेटले, तर आपणही बाजूला होऊन पाहावे.