गुरुवारचा भाऊ

इस्पितळाच्या चिठ्ठीच्या खाली शिक्का होता, 'सोबत जवळचा माणूस आणावा.' वरच्या सूचना मी मान डोलवत ऐकल्या. आदल्या रात्री आठनंतर काही खायचं नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही, अंगठी-घड्याळ घरी ठेवायचं, कवळी असेल तर सांगायचं. तोंडातून एक नळी पोटात सोडणार, तिच्या टोकाला कॅमेरा आणि सोनोग्राफी दोन्ही, आणि पित्ताची नळी का फुगली आहे ते आतून बघणार. बाहेरून केलेल्या सोनोग्राफीत नीट कळलं नव्हतं. खडा असेल, नाहीतर गाठ असेल, असं डॉक्टर म्हणाले. गाठ म्हणताना त्यांनी कागदाकडे पाहिलं. गाठीचं भय होतंच, पण घरी येईपर्यंत डोक्यात शिक्काच घुमत राहिला.

माणूस आणायचा कुठून? गोवा राज्य झाल्यावर इथं तुयेला कारखाने वाढले तेव्हा मी आजऱ्याहून इथं आलो आणि इतकी वर्षं एका खोलीत काढली. लग्न केलं नाही. गावाकडे भाऊ आहे, पण आई गेल्यावर आमचं बोलणं बंद झालं ते झालंच. कारखान्यात मी पॅकिंगचा सुपरवायझर, आणि रजा न देणारा म्हणून प्रसिद्ध. कुणी अर्ज घेऊन आला की मी विचारायचो, "तुझ्यावाचून तिथं कुणाचं अडलंय?" मुलीचा ताप असो, सासऱ्याचं ऑपरेशन असो, सगळ्यांना हाच प्रश्न. आता त्यांच्यातल्याच एकाला रजा काढून माझ्याबरोबर चल, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? तीन दिवस मी एकेकापुढे जाऊन उभा राहिलो आणि मालाबद्दल काहीबाही विचारून परत फिरलो.

शेवटी एकटाच गेलो. सकाळच्या पहिल्या बसनं म्हापसा, तिथून पुढं दुसऱ्या बसनं इस्पितळ. वाटलं होतं, एकदा उपाशीपोटी पोचलो की कोण परत पाठवतंय!

"तुमच्यावांगडा कोण आसा?" नर्सबाईंनी विचारलं.

"भाऊ येतोय. गाडी लावतोय."

अर्ध्या तासानं त्या पुन्हा आल्या. "भाव अजून गाडी लायता?"

मग मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "माणूस जाय," त्या म्हणाल्या. "न्हीदेचें इंजेक्शन दितात. कोण नासतना आमी करिनात." झोपेचं इंजेक्शन देणार, म्हणून सोबतीला माणूस हवाच, नाहीतर तपासणी नाही.

बाकावर माझ्या शेजारी साठीपुढची एक बाई बसली होती, साखळी गावची. तिलाही हेच ऐकवलं होतं. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा, तो गेला. मुलगा बोटीवर, आणि त्याला तिनं काही कळवलं नव्हतं. ही तपासणी तिथं फक्त गुरुवारी व्हायची. दोघंही उपाशी, दोघंही परत जाणार. मी मनातल्या मनात सगळ्या इस्पितळाचा उद्धार करत होतो. ती मात्र माझ्याकडे वळून म्हणाली,

"तुमी आज भितर वचात. हांव बसतां. फुडल्या गुरुवारा म्हजो नंबर, तेन्ना तुमी बसात."

"अहो, तुम्हीही उपाशी आहात. आधी तुम्ही जा."

"म्हाका उपासाची सवंय आसा," असं म्हणून ती उठली आणि माझ्या कागदावर नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहून आली. नर्सबाईंनी आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं आणि कागद घेतला.

आत डाव्या कुशीवर झोपवलं. घशात कडू फवारा मारला, तशी जीभ दुसऱ्या कुणाची असल्यासारखी जड झाली. दातांत प्लास्टिकचं कडं दिलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. हाताच्या शिरेतून औषध गेलं ते थंड लागलं. त्यानंतरचं काही आठवत नाही. त्याच्या आधीचा एक क्षण मात्र आठवतो. बाहेर आपल्यासाठी कुणीतरी बसलंय असं मनात आलं आणि मला एकदम रडू फुटलं. तोंडात कडं, त्यामुळे धड रडताही येईना.

शुद्धीवर आलो तेव्हा ती खाटेशी उभी होती. डॉक्टरांनी नातेवाइकाला बोलावून निकाल सांगितला होता, म्हणजे माझ्याआधी तो तिला कळला होता. "वायट कांय ना," ती म्हणाली. "खडो आसा, ल्हानसो. काडटले." घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणी द्यायचं नव्हतं, म्हणून तिनं माझी बाटली आपल्या पिशवीत टाकली आणि मी मागितली की दटावलं. मग म्हापशापर्यंत आली, तुयेची बस शोधून मला खिडकीशी बसवलं आणि मला नीट उतरवायला कंडक्टरला बजावलं, "म्हजो भाव आसा. तुयां सारको देंवय." नावं मात्र आम्ही एकमेकांना विचारलीच नाहीत.

पुढच्या गुरुवारसाठी मी रजेचा अर्ज लिहिला. कारण, बहिणीची तपासणी. मॅनेजर म्हणाले, "तुम्हाला बहीण आहे?" आहे, म्हटलं. खात्यातली माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. गुरुवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला, पाण्याची बाटली भरून घेतली आणि नर्सबाई यायच्या आधी त्याच बाकावर जाऊन बसलो.

ती आली, पण मुलाबरोबर. उंच, रापलेला, हातात तिची फाईल. अचानक सुट्टीवर आला असणार. तिनं मला पाहिलं आणि किंचित मान हलवली, बोलू नका म्हणून. मला कळलं. मागच्या खेपेला आई एकटी आली होती हे ऐकून पोराच्या जिवाला लागलं असतं. ती समोरच्या बाकावर बसली, आणि मी भिंतीवरचा हात कसे धुवावेत याचा तक्ता वाचत राहिलो. मुलगा आला हे चांगलंच झालं, एवढं मला समजत होतं. तरी राग आला, खोटं कशाला सांगू? त्या इस्त्रीच्या शर्टाची लाज वाटली. तुझ्यावाचून इथं कुणाचं अडलंय, असं मीच मला विचारलं. दोनदा उठायला झालो, पण शब्द दिला होता म्हणून बसून राहिलो.

तिला आत नेलं. बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी मुलाला बोलावलं. तो गेला आणि दार लागलं. तेवढ्यात दुसऱ्या दारातून तिची खाट बाहेर आणून भिंतीशी लावली. डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. खाट ढकलणारी बाई तिच्या तोंडाशी वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली,

"हे बायेचो भाव कोण? भाव खंय म्हणून विचारता!"

कुणी हललं नाही. मुलगा आतच होता. तो कधीही बाहेर आला असता, आणि मी कोण म्हणून विचारलं असतं. त्याला काय सांगायचं ते मला सुचलं नव्हतं.

बाटली घेऊन मी उठलो.

"मी," म्हटलं. "मी भाऊ."